चौथा ठोका

माझ्या भावोजींचा वेगावर विश्वास नव्हता. "वेग काय, उतारावर धोंड्यालाही येतो," ते म्हणत. "ओढ दाखवा." हे त्यांनी माझ्यासमोर सायकलीबद्दल, मोटारींबद्दल आणि एकदा देशाच्या प्रगतीबद्दलही म्हटलं होतं. जन्मभर त्यांनी झाशीहून मालगाड्या नेल्या, त्याही वाफेच्या इंजिनावर. मेल गाड्यांचे ड्रायव्हर स्वतःला राजघराण्यातले समजत. भावोजी त्यांना टांगेवाले म्हणत. हलकी गाडी पळवणं हे घोड्याचं काम आणि भरलेली गाडी चढावर जागची हलवणं हे माणसाचं, असा त्यांचा हिशेब होता.

ते मूळचे साताऱ्याकडच्या एका खेड्यातले. माझी थोरली बहीण, आमची अक्का, मात्र झाशीतच जन्मली आणि वाढली. आमचं घराणं इथे कसं आलं हे सांगताना वडील पेशव्यांपासून सुरुवात करत आणि ऐकणारा उठून जाईपर्यंत थांबत नसत. मी इथल्या कॉलेजात इतिहास शिकवत असे, त्यामुळे मला ठाऊक होतं की जुन्या घराण्यांत एका कारकुनाचा दिवाण व्हायला तीन पिढ्या पुरतात. आम्ही दिवाण होतो.

रेल्वेतल्या मराठी लोकांची तेव्हा एक रीत होती. रिटायर झालं की 'देशावर' जायचं. क्वार्टर रिकामं करायचं, निरोपाचा हार घालून घ्यायचा, ट्रंकांवर गावाचं नाव रंगवायचं आणि जायचं. भावोजींच्या थोरल्या भावाने गावच्या घरात एक खोली त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा भावोजींनी शहरात एक भाड्याचं घर घेतलं, 'दोन-तीन महिन्यांपुरतं'. अक्का 'बघू' म्हणाली. आमच्या घरातल्या बायका नवऱ्याला 'नाही' म्हणत नसत, 'बघू' म्हणत.

तिला जायचं नव्हतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, मेथी निवडता निवडता.

"तिथे मी 'भाजी बनवली' म्हटलं की त्यांच्या वहिनी तोंडाला पदर लावतात," ती म्हणाली. "भाजी म्हणे करतात, बनवत नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून हसतात."

"मग भावोजींना सांग."

"काय सांगू? भाजीच्या एका शब्दासाठी नवऱ्याचं गाव नको म्हणू?"

शब्द एकच नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. तिची मुलं इथे लहानाची मोठी झाली, आईवडील इथे गेले. मानिक चौकात शिरली की पाच दुकानदार "दीदी, इधर" म्हणत. खेड्यात तिला सगळे 'झाशीवाली' म्हणत, आणि तेही कौतुकाने नव्हे.

अशा वेळी झाशीजवळच्या चिरगावचे एक शेतकरी आपलं ट्रॅक्टर घेऊन आले. मालगाडी चिरगावला अडकून पडली की भावोजी यांच्या शेतातल्या विहिरीवर पाणी प्यायला जात, एवढीच ओळख. स्वातंत्र्यानंतर सरकारने बुंदेलखंडातली कांसाने खाल्लेली जमीन मोडायला परदेशी ट्रॅक्टर आणले होते. कांस हे वरून पाहिलं तर पांढऱ्या तुऱ्यांचं देखणं गवत, कवींना आवडणारं. खाली मात्र मुळांची अशी चटई असते की नांगर त्यात रुततो आणि बाहेर येत नाही. त्या मोहिमेतलं एक म्हातारं ट्रॅक्टर लिलावातून फिरत फिरत या गृहस्थांकडे आलं होतं. चार सिलिंडरचं, पेट्रोलवर सुरू होणारं, तापलं की रॉकेलवर चालणारं.

"ड्राइवर साब, भागता तो है," ते म्हणाले, "पर जोर से चलाओ तभी खींचता है. धीरे करो तो बंद. और जोर से चलाओ तो फाल टूट जाता है. हमें ऐसा चाहिए कि पैदल आदमी से धीरे चले, पर रुके नईं."

भावोजी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून आले. जन्मभर जे काम केलं तेच कुणीतरी पुन्हा मागत होतं.

"हो जाएगा," ते म्हणाले. मग अक्काकडे वळून मराठीत, "एवढं करून देतो आणि निघू. भरल्या नांगराला, सावकाश, ठोका न चुकता ओढलं की माझं काम संपलं. मग एक दिवस इथे राहायचं नाही."

अक्का म्हणाली, "बघू."

ट्रॅक्टर घरामागच्या मोकळ्या जागेत उभं राहिलं. माझा यंत्रांशी संबंध पुस्तकांपुरता होता, पण कॉलेज सुटलं की मी तिकडे जाऊन बसू लागलो. इंजिन मंद चालत असताना त्याच्यात जोर कसा आणायचा हे मला त्या अंगणात कळलं. पहिली गोष्ट वजन. इंजिनाच्या टोकाला एक जड चाक फिरत असतं, फ्लायव्हील. एका ठोक्याचा जोर ते साठवून ठेवतं आणि पुढचा ठोका येईपर्यंत गाडं रेटतं. ठोके जितके लांबलांब, तितकं चाक जड हवं. भावोजींनी ढलाईवाल्याकडून एक लोखंडी कडं ओतून घेतलं आणि ते चाकावर चढवलं, जशी लोकोशेडमध्ये इंजिनाच्या चाकावर धाव चढवतात तशी. अंगणात कड्याभोवती गोवऱ्या रचल्या. कडं तापून फुगलं, तसं चिमट्यांनी उचलून चाकावर बसवलं. निवताना ते असं आवळलं गेलं की पुन्हा निघणार नव्हतं. गोवऱ्या अक्काने दिल्या. शेजारच्या पंडितजींना वाटलं होम आहे, ते स्नान करून आले.

मग गव्हर्नर. इंजिनावर ओझं आलं की इंधन वाढवायचं आणि ओझं उतरलं की कमी करायचं, हे त्याचं काम. भावोजींनी त्याची स्प्रिंग बदलली, म्हणजे मंद गतीतही त्याला जाग यावी. इंजिनातल्या गव्हर्नरला खरोखर काम असतं हे कळल्यावर मला त्या यंत्राबद्दल आदर वाटू लागला. कार्बुरेटरच्या गळ्यात त्यांनी पितळेची बारीक नळी बसवली, कारण सावकाश चालताना हवा रुंद गळ्यातून आळसावल्यासारखी जाते आणि रॉकेल बरोबर घेत नाही. ठिणगी जरा उशिरा पडेल अशी केली. सिलिंडरचं डोकं, म्हणजे हेड, घासून दाब वाढवला. तो जास्त झाला आणि रॉकेल आत फटाक्यासारखं वाजू लागलं. तेव्हा हेडखाली तांब्याचा जाड पत्रा घालून तो पुन्हा उतरवला. यात उन्हाळा गेला.

पावसाळ्यानंतर इंजिन चांगलं चालू लागलं. इतकं सावकाश की बसून ठोके मोजावेत. भावोजी हात पुसत म्हणाले, "झालं बहुतेक."

अक्का पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "चौथ्या ठोक्याला दम लागतोय."

वाफेच्या इंजिनाच्या चाकाचा एक फेरा झाला की चिमणीतून चार ठोके येतात. त्यातला एक लंगडा पडला तर आत काहीतरी बिघडलेलं असतं. ड्रायव्हरची बायको म्हणून अक्का हे जन्मभर ऐकत आली होती. नवऱ्याची गाडी यार्डात शिरताना ती क्वार्टरमधून ओळखत असे आणि चहा टाकत असे. तिचा कान भावोजी मानत. ते थबकले, डोळे मिटून ऐकू लागले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

खरंच एक झडप नीट बसत नव्हती. हेड उघडलं, झडप घासली, महिना गेला. पुन्हा इंजिन सुरू झालं. अक्का पायरीवर होतीच.

"बरं आहे आता," ती म्हणाली. "पण चौथा अजून जरा..."

"जरा काय?"

"मला काय कळतंय? जरा मागे राहतो एवढंच."

या वेळी मला तरी काही ऐकू आलं नाही. भावोजींनाही आलं नसावं, पण तिला आलं म्हणजे असणार, म्हणून त्यांनी ठिणगीची जुळणी पुन्हा केली. मी अक्काकडे पाहिलं. ती तांदळातला खडा फार लक्षपूर्वक शोधत होती.

असं पुढच्या वर्षभर चाललं. कधी चौथा ठोका मागे राही, कधी तापल्यावर 'घुटमळे'. भावोजी शिव्या देत हेड उघडत, आणि ते उघडल्यावर त्यांची भूक वाढे. चिरगावचे शेतकरी यायचे, चहा प्यायचे, मला विचारायचे, "काए मास्साब, बन जैहै?" मी "हओ" म्हणायचो. साताऱ्याहून भाऊ पत्रं धाडत, खोली कधीपासून झाडून ठेवली आहे. भावोजी उत्तर देत, इंजिन अजून सुधारायचं आहे. हे वाचून गावी काय समजूत झाली असेल देव जाणे.

शेवटी शेतकऱ्यांनीच धीर सोडला. पेरणी जवळ आली होती. "अब जैसा है वैसा चलाओ," ते म्हणाले. त्यांना शेतात नारळ फोडून सुरुवात करायची होती, एवढंच. पण त्यांचा एक भाचा पुढारी होऊ पाहत होता. त्याने लखनौहून एक उपमंत्री मिळवले. कुठल्या खात्याचे ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यांनाही ते सांगावंसं वाटलं नाही. नारळाचा समारंभ झाला. शेताच्या कडेला शामियाना आला, लाऊडस्पीकर आला, झेंडूच्या माळा आल्या. ट्रॅक्टरलाही हार घातला. तेवढाच तिथे मला योग्य जागी पडलेला वाटला.

ट्रॅक्टर आधीच चिरगावला नेलं होतं, आम्ही तिघं बसने गेलो. भाच्याने भावोजींना कार्यक्रम समजावला. मंत्रीजी भाषण करतील, मग हिरवी झंडी दाखवतील, मग ट्रॅक्टर निघेल.

"हिरवी दिसल्याशिवाय मी चाक हलवणार नाही," भावोजी म्हणाले.

"हाँ हाँ, बिलकुल."

"आणि हिरवी दिसली की थांबणार नाही."

भाच्याला हे तपशील वाटले. ज्याने जन्मभर सिग्नल पाळले त्याचा तो स्वभाव झालेला असतो, हे त्याला कोण सांगणार. दुसरी एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. शामियानेवाल्यांना भुसभुशीत मातीत खुंट्या धरेनात, म्हणून मागच्या बाजूचे दोन मुख्य दोर त्यांनी तिथल्या सगळ्यात जड वस्तूला बांधले होते. ती वस्तू म्हणजे ट्रॅक्टरमागचा नांगर.

इंजिन आधीच सुरू होतं. तापलेलं इंजिन समारंभासाठी बंद करायला भावोजी तयार नव्हते. ते इतकं मंद चालत होतं की उपमंत्री दोन ठोक्यांच्या मध्ये एकेक शब्द बसवत होते. "भाइयो." ठक्. "और." ठक्. "बहनो." मी ऐकलेलं ते सर्वांत सुसह्य राजकीय भाषण. झंडी कुणीतरी त्यांच्या हातात आधीच देऊन ठेवली होती. हात मोकळे ठेवून बोलायची त्यांना सवय असावी. 'किसान' शब्दावर त्यांनी हात उंच केला, तशी झंडी उलगडली आणि हलली.

भावोजींनी हिरवी पाहिली. हात वर करून ती मिळाल्याची खूण केली, रेल्वेत करतात तशी. आणि निघाले.

नांगर मातीत शिरला, तसा शामियान्याचा मागचा खांब वाकला. घाई कसलीच नव्हती. एकेक खांब नम्रपणे आडवा होत गेला आणि कापड लोकांवरून सरकत शेतात चाललं. लोक खुर्च्या सोडून त्याच्याबरोबर थोडं चालले, मग बाजूला झाले. उपमंत्र्यांना दोघांनी दंडाला धरून बाहेर नेलं. लाऊडस्पीकर वायरीमागे फरफटत गेला आणि शेवटपर्यंत घुं करत राहिला. कुणाला खरचटलंही नाही, कारण हे सगळं पायी माणसापेक्षा सावकाश चाललं होतं.

भावोजी मागे वळले नाहीत. मागे पाहणं गार्डाचं काम. ते मान तिरपी करून इंजिन ऐकत होते. नांगर कांसाच्या मुळांत, त्यावर अख्खा शामियाना, आणि ठोका जसाच्या तसा. ठक्. ठक्. ठक्. ठक्. मी ओरडत मागे धावलो. भाचा ओरडत धावला. आम्ही दोघंही सिग्नल नव्हतो.

बायकांच्या बाजूला पडलेल्या कापडाखालून अक्का निघाली. केसांत गवत होतं. ती क्षणभर तशीच उभी राहून ऐकत होती.

"चुकत नाहीये रे," ती मला म्हणाली. मी पाहिलं तर तिचा चेहरा एकदम वयस्कर दिसला.

मग तिने पूजेच्या पाटावरचं लाल कापड ओढलं, नारळ गडगडत गेला, आणि ती साडी सावरत शेताला वळसा घालून ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन उभी राहिली. कापड दोन्ही हातांनी धरून. भावोजींनी लाल पाहिलं आणि तिथल्या तिथे गाडं थांबवलं.

"ऐकलंस?" त्यांनी वरून विचारलं. मागे काय झालंय हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

"ऐकलं," अक्का म्हणाली.

"चौथा?"

"चारही सारखे."

भाचा पुढे बराच काळ माझ्याशी बोलला नाही, हा त्या दिवसाचा एक फायदा. शेतकरी मात्र वळून सरीकडे पाहत होते. मुळांची चटई उलटी होऊन पडली होती. "मास्साब," ते म्हणाले, "तंबू समेत खींच ले गओ."

परतीच्या बसमध्ये ते दोघं माझ्या मागच्या बाकावर होते. भावोजी खुशीत होते.

"संपलं काम," ते म्हणाले. "आता महिन्याच्या आत सामान हलवू. उद्या ट्रंका खाली काढतो."

अक्का खिडकीबाहेर पाहत असावी, कारण तिचा आवाज लांबून आल्यासारखा आला. "तुम्ही जा. मला नाही यायचं."

"म्हणजे?"

"मला इथून जायचं नाही. कधीच जायचं नव्हतं."

बस थांबली, भाजीच्या टोपल्या चढल्या, बस निघाली.

"चौथा ठोका," भावोजी म्हणाले.

"पहिल्यांदा खरंच होता. नंतर नव्हता."

"अख्खं वर्ष मी हेड उघडत बसलो."

"तुम्हाला आवडत होतं."

"तो प्रश्न नाही."

"नाही," अक्का म्हणाली. "नाहीच तो."

 झाशी येईपर्यंत मी वळून पाहिलं नाही. पुस्तकांत अशा वेळी माणसं एकमेकांचा हात धरतात. बसमध्ये त्यांच्या मांडीवर पिशव्या होत्या.

चार-सहा दिवसांनी भावोजी एकटेच गावी गेले. ट्रंका नेल्या नाहीत, किती दिवसांसाठी ते सांगितलं नाही. अक्काने वाटेसाठी दशम्या दिल्या आणि दारात उभी राहिली. त्या दिवसांत मी रोज तिच्याकडे जात असे. मागची जागा मोकळी झाली होती, मातीवर रॉकेलचे डाग होते. तिने एकदाही 'ते येतील का' असं विचारलं नाही. फक्त संध्याकाळी गाडीचा आवाज आला की हातातलं काम थांबवायची.

महिन्याने ते आले. मी स्टेशनवर गेलो होतो. त्यांच्याबरोबर ज्वारीचं एक पोतं होतं आणि ते त्यांनी हमालाला दिलं नाही.

"काय म्हणतंय गाव?" मी विचारलं.

"बरं आहे. खोली पुतण्याला दिली. लग्न ठरलंय त्याचं." मग थोडं चालून, "सगळे विचारत होते, तिकडचं पाणी कसं, तिकडची हवा कशी. जसा मी पाहुणा. भाऊ मात्र रडला."

"अक्काला मी सांगू?"

"तुम्ही कशाला, सालेसाहेब? तुम्ही इतिहास सांगा."

घरी अक्काने पोत्याकडे पाहिलं. "एवढी ज्वारी? कोण खाणार?"

"मी. इथे राहायचं तर निदान भाकरी गावची पाहिजे."

ती उभीच राहिली. मग आत गेली आणि नळाचं पाणी सोडून बराच वेळ हातपाय धूत बसली.

आमच्या घरात भाकरी कधी होत नसे. आम्ही पोळी खाणारे झाशीकर, ज्वारी म्हणजे गुरांना, अशी समजूत. चक्कीवाल्यानेही कुरकुर करून दळून दिली. दुसऱ्या दिवशी अक्का भाकरी थापायला बसली तेव्हा मी तिथेच होतो. पहिली परातीतच फाटली. दुसरी उचलताना हातात राहिली. तिसरी कशीबशी तव्यावर गेली आणि तिथे तिचे तुकडे झाले. अक्काने ते ताटात जुळवून भावोजींपुढे ठेवले, नकाशा ठेवावा तसे.

भावोजींनी एक तुकडा मोडला, चटणीला लावला, सावकाश चावला.

"जमेल," ते म्हणाले. "घाई कुणाला आहे."